नऊ चिंध्यांची हजेरी

आमच्या शेजारच्या गॅरेजवाल्यांना गल्लीत कुणी त्यांच्या नावानं हाक मारत नाही. हजेरीभाऊ म्हणतात. हे नाव मी ठेवलं, आणि ते मी कधी नाकारलेलं नाही. आता ते इतकं चिकटलंय की एकदा पोस्टमन त्यांच्या खऱ्या नावाचं पाकीट घेऊन माझ्या शिलाईच्या दुकानात आला आणि म्हणाला, हे गृहस्थ गल्ली कधी सोडून गेले हो?

नाव पडायचं कारण असं. त्यांच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीवर एक मोठी फळी आहे. फळीवर प्रत्येक हत्याराची लाल रंगात बाह्यरेषा काढलेली, आणि त्या रेषेत ते ते हत्यार टांगलेलं. संध्याकाळी सहाला अर्धं शटर खाली ओढायचं, हात पुसायचे आणि फळीसमोर उभं राहून एकेकाला पुकारायचं. दहाचा पाना. बाराचा. चौदाचा. मोठा पेचकस. छोटा पेचकस. त्यांच्या आणि माझ्या दुकानामध्ये फक्त एका विटेची भिंत, तेव्हा मशीन चालवता चालवता मी इकडून "हजर" म्हणते. गेली अठरा वर्षं म्हणते आहे. एकदाही हसले नाहीत. एका संध्याकाळी छोटा पेचकस गैरहजर निघाला तेव्हा हा माणूस गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन, त्याला भरल्या ताटावरून उठवून, गाडीचं बॉनेट उघडून पेचकस घेऊन आला होता. तो बॅटरीवर आडवा पडून आराम करत होता.

पण हत्यारांपेक्षा त्यांचा जीव चिंध्यांत जास्त. या चिंध्या माझ्याकडून जातात. कापडाची कात्रणं मी रोज सकाळी देते, बरोबर दहा, आणि ते दारामागच्या काळ्या पाटीवर खडूनं लिहितात, चिंध्या १०. संध्याकाळी दहा मोजल्या की पाटी पुसायची. तरुणपणी ज्या गॅरेजात ते शिकले तिथं कुणीतरी हवेच्या नळीवर चिंधी विसरला होता, आणि नवं कोरं इंजिन तिनं मिनिटात गिळलं होतं. पाना पडला तर वाजतो, असं भाऊ सांगतात. चिंधी वाजत नाही, म्हणून ती मोजायची. माझी चेष्टा बाजूला ठेवून सांगते, यात काही चूक नाही. चूक झाली ती वेगळीच.

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी चिंध्या नऊ भरल्या. भाऊंनी तीनदा मोजल्या, गाड्यांखाली वाकून पाहिलं आणि मग माझ्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, बाई, आज तुम्ही नऊच दिल्यात. मी म्हटलं, दहा दिल्या, तुमच्या पाटीवरही दहाच आहेत. त्यावर ते परत गेले, आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, पाटीवरचे दहा त्यांनी बोटानं पुसले आणि तिथं नऊ लिहिले. सकाळचा आकडाच बदलला. माणूस आयुष्यभर मोजत आला, तर त्याला वाटतं आपली मोजणी चुकूच शकत नाही, जगच एखादी चिंधी कमी देतं. पुढे महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. दहा चिंध्या त्यांच्यासमोर मोजायची आणि "मिळाल्या" असं त्यांच्या तोंडून वदवून घ्यायची. संध्याकाळी "हजर" मात्र म्हणायची. तेवढं सुटलं नाही.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. भाऊंची एकुलती एक मुलगी त्याच दिवशी सकाळी मोठ्या शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये नोकरीला गेली. तिला आम्ही सगळे ठिणगी म्हणतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच, तेव्हा हे नाव चुकीचं आहे, असं भाऊंचं म्हणणं, आणि म्हणून ते तिला त्या नावानं कधी हाक मारत नाहीत. बापाच्या मांडीवर बसून पान्यांचे नंबर शिकलेली पोरगी. तिनं शहरात जाऊ नये असं भाऊंना वाटत होतं, आणि तसं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही आणि समोरच्यानं ओळखावं, ही त्यांची पद्धत. ती निघाली तेव्हा ते एका ट्रकची डिझेलची टाकी धूत होते. पोरीनं बॅग खांद्याला लावली आणि म्हणाली, येते बाबा. टाकीत कोपरापर्यंत हात घालून भाऊ "हं" म्हणाले. वर पाहिलं नाही. तो ट्रक तिच्या मामाचा होता.

दोन वर्षांनी ती परत आली. शहरात मन लागलं नाही, असं ती सांगते. खरं काय ते वहिनींना, म्हणजे तिच्या आईला, माहीत आहे आणि मलाही. तिथं बापासारखं कुणी तिच्या कामाला नावं ठेवत नव्हतं आणि तिला त्याची चुटपुट लागली होती. आल्यावर गॅरेजच्या एका कोपऱ्यात तिनं लॅपटॉप मांडला. भाऊंनी त्या कोपऱ्याभोवती खडूनं रेष मारली, का, तर त्यांची हत्यारं तिकडे भटकू नयेत.

मामा दगडाच्या खाणीवरून माल वाहतो. खाणीतून वर यायला लांबलचक चढ आहे, आणि भरलेला ट्रक तिथं धापा टाकत येतो. भाचीनं त्याला सांगितलं, मामा, तुझ्या इंजिनात आणखी बरंच बळ आहे, मी काढून देते. आठ महिन्यांपूर्वी तिनं त्या ट्रकला मोठे इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोट्या, बसवले, हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवला, टाकीतून डिझेल ओढणारा जोरकस पंप लावला आणि लॅपटॉपवरून इंजिनाच्या डोक्यात काय काय भरवलं. शहरातल्या रोलरवर चढवून मोजलं तर आधीचे एकशे ऐंशी घोडे होते ते अडीचशेच्या वर गेले. मामा गल्लीत पेढे वाटायचा बाकी राहिला. पहिले काही महिने तो चढ अशा तोऱ्यात चढायचा की खाणीतले लोक बाजूला होऊन बघायचे.

आणि मग गाडीनं मान टाकली. रिकामी असली की ठीक. गॅरेजात उभी असली तर अगदी शहाणी, कुठं काही नाही. पण माल भरून चढाला लागली की दोन-तीन मिनिटांत जोर गळायचा. मामानं स्वतः येऊन सांगितलं, चढावर एक सायकलवाला त्याच्या पुढे निघून गेला, आणि जाताना घंटी वाजवून गेला.

भाऊंनी निदान पहिल्याच दिवशी करून टाकलं. मोठे इंजेक्टर बसवलेत, ते जास्त पितात, पंपाला तेवढा पुरवठा झेपत नाही, म्हणून दाब पडतो. ठिणगी म्हणाली, पंप मी बाकावर मोजलाय, भरपूर देतो. जास्त डिझेल जळत असतं तर धूर काळा आला असता. धूर स्वच्छ आहे, म्हणजे इंजिन उपाशी आहे. भाऊ म्हणाले, तेच तर मी म्हणतोय. ती म्हणाली, तुम्ही ते म्हणत नाही आहात. एवढ्यावर दोघांचं बोलणं बंद झालं.

बोलणं बंद म्हणजे आपापसातलं. बाकी माझ्या दुकानातून सगळी वाहतूक सुरू होती. भाऊ भिंतीपलीकडून म्हणायचे, बाई, तिला सांगा फिल्टर बदलून बघ. मी इकडे तिला सांगायची. ती म्हणायची, काकू, सांगा त्यांना, दोनदा बदलला. मी भिंतीला तोंड लावून सांगायची, दोनदा बदलला. पंप बदलून झाला. नळ्यांतून हवा घुसते का पाहायला मध्ये पारदर्शक नळी लावून झाली. एक बुडबुडा दिसला नाही. एकदा मी स्वतःचंच मत घुसडून दिलं, ट्रकला म्हणावं थोडी विश्रांती घे. दोन्हीकडून "काय?" आलं. महिनाभरात मला इंजिनाचं इतकं ज्ञान झालं की मापं घेताना मी एका बाईला तुमचा दाब किती विचारलं.

हसण्यासारखं होतं तोवर हसले. पण मग शहरातल्या त्या वर्कशॉपचं पत्र आलं. ठिणगीला परत बोलावलं होतं, वरच्या जागेवर, आणि उत्तर शनिवारच्या संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. त्याच आठवड्यात भाऊंनी जाहीर केलं, रविवारी जुने इंजेक्टर परत बसवायचे आणि ट्रक होता तसा करायचा. मामानं भावोजींपुढे मान डोलावली. त्याला खाणीवरचं काम टिकवायचं होतं. वहिनी माझ्याकडे बटणं लावायच्या निमित्तानं येऊन बसल्या. म्हणाल्या, "तिनं केलेलं काम त्यांनी उपसून काढलं तर ती थांबणार नाही. आणि ती गेली की हे जेवायचे नाहीत, पण कशानं ते कबूलही करायचे नाहीत." बटण त्यांनी उलटं लावलं. मी नंतर उसवून नीट लावलं.

शनिवारी सकाळी ठिणगी माझ्या दारात आली. हातात घड्याळासारखी गोल तबकडी आणि तिला लांब नळी. ही नळी इंजिनापासून थेट केबिनपर्यंत आणायची, तबकडी समोरच्या काचेला चिकटवायची, म्हणजे गाडी चढावर असताना दाब किती ते दिसेल. मामा चालवणार, ती मागचं बघणार, आणि काटा वाचायला माणूस हवा होता. मी म्हटलं, मी कापड मोजणारी बाई. ती म्हणाली, काकू, टेपवरची अर्धी रेघसुद्धा तुमच्या नजरेतून सुटत नाही. स्तुतीनं मी वितळते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

तर आयुष्यात पहिल्यांदा मी दगडांनी भरलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये चढले. चढले म्हणजे मामानं हात धरला आणि ठिणगीनं मागून ढकललं. चढाच्या पायथ्याशी काटा चारवर होता. मी चार म्हटलं. चढ लागला, इंजिन गुरगुरलं, मी म्हटलं चार. मग साडेतीन. अडीच. दीड. गाडीचा आवाज बसला, मामानं गिअर उतरवला, आणि काटा शून्याजवळ जाऊन पडला. वर पोचून इंजिन बंद केलं, जरा वेळानं सुरू केलं, तर काटा पुन्हा चारवर, जसं काही घडलंच नाही.

 खाली आल्यावर ठिणगीनं एक मोठा कॅन आणला, स्वच्छ डिझेलनं भरलेला, केबिनच्या मागे पट्ट्यानं घट्ट बांधला, आणि टाकीतून पंपाकडे जाणारी नळी काढून त्या कॅनमध्ये सोडली. टाकीला रजा. पंप तोच, इंजेक्टर तेच, दगड तेच. मामानं विचारलं, यानं काय होणार? ती म्हणाली, काही झालं तर कळेल, नाही झालं तरी कळेल.

दुसऱ्यांदा चढ लागला. मी चार म्हटलं. मध्यावर आलो, चार. जिथं मघाशी मान टाकली होती तिथं चार. शेवटी मी आकडा सांगायचंच विसरले, कारण मामा शीळ घालायला लागला होता आणि ट्रक खरोखर पळत होता. वर पोचल्यावर मी म्हटलं, चार. कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी ट्रक गॅरेजात आला तेव्हा भाऊ जुने इंजेक्टर घासूनपुसून कागदावर ओळीत मांडत होते. मी निरोप्याचं काम सोडलं नव्हतं, म्हणून मीच सांगितलं, कॅनवर दाब टिकतो, टाकीवर पडतो. भाऊंचा हात थांबला. काय सांगितलं ते त्यांना माझ्याआधी कळलं असणार. दोष इंजेक्टरचा नाही, पंपाचा नाही, पंपाच्या पुढं कशाचाच नाही. दोष टाकीत. ते म्हणाले, टाकीत काही असणं शक्य नाही, ती मी स्वतः धुतली आहे. ठिणगीनं प्रथमच सरळ त्यांना विचारलं, कधी? भाऊ टाकीखाली ठेवायला बादली शोधू लागले.

टाकी रिकामी केली. वरचं झाकण उघडलं. आत अंधार. ठिणगी घरातून बॅटरी आणायला गेली, मामा चहा सांगायला गेला. उरलो भाऊ आणि मी. भाऊंना दम धरवेना. बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात आत घातला, जिथं डिझेल ओढणाऱ्या नळीचं तोंड असतं तिथपर्यंत. चेहऱ्यावरून कळलं की बोटांना काहीतरी लागलंय. हात हळूहळू बाहेर आला. मुठीत काळपट, ठिबकणारी चिंधी होती.

मूठ लगेच मिटली. पण एक कोपरा बाहेर राहिला होता, आणि त्या कोपऱ्यावर, डिझेलनं मळलेले असले तरी, जांभळे ठिपके दिसत होते. ते कापड मी एकदाच कापलंय. ठिणगी शहरात जाणार म्हणून तिच्यासाठी मी सदरा शिवला होता, आणि त्याची कात्रणं तिच्या जायच्या दिवशी सकाळी भाऊंना दिली होती. दहा.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं कुणासमोर उभे आहेत ते. माझ्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळच्या आत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचते, ही काही अफवा नाही. आणि तीन वर्षं मी त्या एका चिंधीसाठी त्यांच्या नावानं बोटं मोडली होती. पण समोर उभ्या माणसाचा चेहरा पाहिला आणि मला माझ्या दहा चिंध्यांची काही गोडी वाटेना. एकसष्ट वर्षांचा माणूस, हातातून डिझेल कोपराकडे ओघळतंय, आणि पुसायला चिंधी मागायची सोय नाही.

मी म्हटलं, "भाऊ, जवळचं मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही. आणि चष्मा दुकानात राहिला."

ते म्हणाले, "नाकावर आहे तुमच्या."

होता खरा. त्याच चष्म्यातून सकाळभर काटा वाचला होता. मी तो काढला आणि पदरानं पुसायला घेतला, सावकाश, दोन्ही काचा. त्यांना हवी तेवढी सवड होती. ती चिंधी खिशात घालावी, टाकीत गाळ होता म्हणावं, इंजेक्टर राहू द्यावेत आणि झाकण लावावं. मी कुणाला सांगितलं नसतं. आता तुम्ही हसाल, पण खरंच नसतं सांगितलं.

पावलं वाजली. ठिणगी बॅटरी घेऊन आली, मागोमाग मामा. भाऊ तसेच उभे होते.

"ठिणगी, इकडे ये," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्या नावानं. मग मूठ उघडली. "ही टाकी मी तू निघालीस त्या दिवशी धुतली. ही आत मी विसरलो. तुझ्या कामात काही खोट नाही." आणि माझ्याकडे न बघता, "बाईंनी त्या दिवशी दहाच दिल्या होत्या."

तीन वर्षं वाट पाहिलेलं वाक्य इतक्या हळू आवाजात आलं की मला ते पुन्हा म्हणायला लावावंसं वाटलं. नाही लावलं.

ठिणगीनं चिंधी घेतली, पिळली, बॉनेटवर पसरली आणि तिच्याकडे पाहत राहिली. मग मामाला विचारलं, मध्यंतरी टाकी कधी अगदी तळाला गेली होती का? गेली होती; खाणीवर डिझेल आलं नव्हतं तेव्हा. ती म्हणाली, मग तेव्हाच ही कोपऱ्यातून हलून नळीच्या तोंडाशी आली. इंजिनाला कमी लागेल तेव्हा सैल पडून राहायची, चढावर पंपानं जोर केला की ओढली जाऊन तोंड बंद करायची. इंजिन थांबलं की सुटायची. म्हणून गॅरेजात कधी सापडली नाही. भाऊ मान हलवत ऐकत होते. जुना पंप असता तर त्याला तिला ओढायची ताकद नसती, असं त्यांनी पुस्ती जोडली. म्हणजे तेवढं त्यांचंही खरं होतं, आणि ते त्यांनी सोडलं नाही.

"हे माझ्या सदऱ्याचं कापड आहे," ठिणगी म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही वरसुद्धा पाहिलं नाही, बाबा."

भाऊ हात पुसत होते, बराच वेळ. "वर पाहिलं असतं तर जाऊ दिलं नसतं."

 मामा म्हणाला, म्हणजे इतके दिवस माझा ट्रक तुम्हा दोघांच्या रुसव्यावर चालत होता, आणि मी डिझेल भरत होतो. त्यावर ठिणगी हसली आणि डोळे पुसायला तिला नेमकी तीच डिझेलची चिंधी हाताशी सापडली. मी दुकानातून धुतलेला रुमाल आणून दिला. एक नग. परत घेतला.

भाऊंनी जुने इंजेक्टर कागदात गुंडाळले. मग पाठ फिरवूनच विचारलं, त्या पत्राला उत्तर काय दिलं. ती म्हणाली, संध्याकाळपर्यंत द्यायचंय. भाऊ म्हणाले, टाकी धुवायची, नळीच्या तोंडाला जाळी बसवायची, सगळं परत जोडायचं, गाडी चढावर न्यायची. "संध्याकाळपर्यंत तुला वेळ कुठे आहे."

ठिणगीनं बापाच्या पाठीकडे पाहिलं. मग फोन घेऊन रस्त्यावर गेली, दोन मिनिटांत परत आली, बाह्या सरकवल्या आणि म्हणाली, दिलं उत्तर, जाळी कुठे आहे? वहिनींना दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत ही बातमी मी त्यांना दिली, त्यांच्या अंगणाच्या भिंतीवरून. तेवढी मुभा माझी मला ठेवावी.

उन्हं उतरायच्या आत ट्रक माल भरून चढ चढून आला. यावेळी काटा भाऊंनी वाचला. चार म्हणाले, आणि उतरताना काचेवरून तबकडी स्वतः काढून ठिणगीच्या हातात दिली. खडूची ती रेष दुसऱ्या दिवशी पुसलेली दिसली.

जुने इंजेक्टर आता फळीवर लाल रेषेत टांगलेत. हजेरी संध्याकाळी ठिणगी घेते, भाऊ मागं उभे राहून ऐकतात. मी भिंतीमागून "हजर" म्हणतेच. गेल्या महिन्यात एकदा चिंध्या नऊ भरल्या. मी कमरेवर हात ठेवून दारात जाऊन उभी राहिले, म्हटलं, आता म्हणा काय म्हणायचं ते.  भाऊंनी बाही कोपराच्या वर सरकवली आणि दिवसभरात उघडलेल्या प्रत्येक टाकीत हात घालायला निघाले. दहावी चिंधी माझ्याच मशीनखाली निघाली. ते मी त्यांना तिसऱ्या टाकीनंतर सांगितलं.